डिजिटल लायब्ररी म्हणजे नेमकं काय? आणि एका लायब्ररीतलं पुस्तक दुसरीला कसं कळतं?

'मराठी पुस्तकं पीडीएफ' असं फोनवर टाकून बघा. लिंकांचा पाऊस पडतो. टेलिग्राम ग्रुप, ड्राइव्हचे फोल्डर, अर्धवट स्कॅन, तेच पुस्तक दहा वेळा. पण एखादं नेमकं जुनं पुस्तक हवं असेल, त्याची पहिली आवृत्ती कुठे आहे हे बघायचं असेल, तर तासभर शोधूनही हाती काही लागत नाही. खूपदा ते पुस्तक कोणीतरी स्कॅन केलेलं असतं, एखाद्या सर्व्हरवर पडलेलंही असतं. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात बघूया. डिजिटल लायब्ररी कशी रचतात, वेगवेगळ्या लायब्ऱ्या एकमेकींना माहिती कशी देतात, मराठीत यात वेगळ्या अडचणी कोणत्या, आणि फोनवर पुस्तक शोधताना याचा उपयोग कसा करायचा, असा आपला क्रम असेल.

उदाहरणं मी बदलापूरच्या आसपासची घेतोय. एक तर मी इथे राहतो. दुसरं म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांचा विषय निघाला की बदलापूरचं नाव येतंच. श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय इथलंच. दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि जुनी नियतकालिकं यांच्या संग्रहासाठी ते ओळखलं जातं.

आधी प्रश्न समजून घेऊ

आमच्या लाइनवर जुनी वाचनालयं बरीच आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. त्यात बदलापूरच्या ग्रंथसखासारखे खासगी प्रयत्नातून उभे राहिलेले संग्रह. प्रत्येकाकडे असं काही ना काही असणार, जे दुसऱ्याकडे नाही.

आता समजा, बदलापूरच्या एखाद्या मुलीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शंभर वर्षांपूर्वीचं एक मासिक हवंय. ते कल्याणला असेल, म्हणजे लोकलने चार स्टेशनं पुढे. पण ते तिथे आहे हे तिला कळणार कसं? प्रत्येक वाचनालयाच्या काउंटरवर जाऊन विचारणं हा एक मार्ग. चारही ठिकाणच्या याद्या तिला एकाच सर्चमध्ये दिसणं हा दुसरा मार्ग. डिजिटल लायब्ररीचं खरं काम हा दुसरा मार्ग तयार करणं. पुस्तक स्कॅन करणं हा त्याचा फक्त एक भाग.

आणखी एक कारण आहे, आणि बदलापूरकरांना ते वेगळं सांगायला नको. उल्हास नदी. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. कागद पाण्यापुढे टिकत नाही. एखाद्या पुस्तकाची एकच प्रत उरली असेल आणि ती एकाच कपाटात असेल, तर ते पुस्तक एका पावसाळ्याच्या अंतरावर आहे. म्हणून प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्या लागतात, आणि कुठे काय आहे याची नोंदही.

पीडीएफचा फोल्डर आणि डिजिटल लायब्ररी: फरक काय?

डिजिटल लायब्ररीत साधारण पाच गोष्टी असतात.

१. फाइल: स्कॅन केलेली पानं, पीडीएफ, ईपब, ऑडिओ. आपल्याला दिसतो तो हा भाग.

२. नोंद: पुस्तकाचं नाव, लेखक, साल, भाषा, प्रकाशक. याला मेटाडेटा म्हणतात. माहितीबद्दलची माहिती.

३. ओळख क्रमांक: आधार नंबरसारखा, प्रत्येक वस्तूला एकच आणि न बदलणारा. वेबसाइटचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक तोच राहिला पाहिजे.

४. शोध: नोंदींमध्ये आणि जमल्यास आतल्या मजकुरातही शोधायची सोय.

५. जतन: फाइल दहा, वीस, पन्नास वर्षांनी उघडेल याची काळजी. एकापेक्षा जास्त प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी.

फोनमधल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये यातली फक्त पहिली गोष्ट असते. 'स्कॅन_००२३' नावाच्या फाइलमध्ये काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. अशा पाच लाख फाइल एकत्र ठेवल्या तर साठा मोठा होतो, लायब्ररी होत नाही.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीपासूनची आहे. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' तयार केली. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. दुसरा भाग १९५० पर्यंत येतो. अभ्यासक तिला आजही 'दाते सूची' म्हणून ओळखतात. पुस्तकं जागोजागी विखुरलेली, पण त्यांची नोंद एका ठिकाणी, एका पद्धतीने. आज सर्व्हर जे करतात तेच काम दात्यांनी कागदावर केलं.

नोंद कशी करायची? डब्लिन कोअर

प्रत्येक वाचनालयाने आपापल्या पद्धतीने नोंद केली तर त्या एकत्र करता येत नाहीत. एकाच्या यादीत 'लेखक' असा रकाना, दुसऱ्याच्या यादीत 'ग्रंथकार', तिसऱ्याकडे लेखक आणि शीर्षक एकाच रकान्यात. माणूस बघून समजून घेतो, कॉम्प्युटरला ते जमत नाही.

यासाठी १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात एक कार्यशाळा झाली. तिथून 'डब्लिन कोअर' नावाची पद्धत आली. आयर्लंडच्या डब्लिनशी तिचा संबंध नाही. या पद्धतीत फक्त १५ रकाने आहेत. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळख, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. कुठलाच रकाना सक्तीचा नाही, आणि कुठलाही रकाना एकापेक्षा जास्त वेळा भरता येतो.

एक नोंद करून बघू.

- शीर्षक: श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र
- शीर्षक, दुसरं: गीतारहस्य
- निर्माता: टिळक, बाळ गंगाधर
- दिनांक: १९१५
- भाषा: मराठी
- प्रकार: मजकूर
- स्वरूप: पीडीएफ
- ओळख: वाचनालयाने दिलेला कायमचा क्रमांक
- हक्क: कॉपीराइटची मुदत संपलेली

दुसरं शीर्षक का दिलं ते बघा. वाचक 'गीतारहस्य' असंच शोधणार. मुखपृष्ठावरचं लांबलचक नाव कोणी टाइप करत बसत नाही. फक्त छापील नाव नोंदवलं आणि सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवणारा असला, तर पुस्तक असूनही सापडणार नाही.

मोठी ग्रंथालयं मार्क नावाची यापेक्षा बरीच बारकाईची पद्धत वापरतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ती १९६० च्या दशकात तयार झाली. पण लहान वाचनालयाला सुरुवात करायला डब्लिन कोअर पुरेसं आहे. साध्या एक्सेल शीटमध्येही ते भरता येतं.

लायब्ऱ्या एकमेकींशी बोलतात कशा?

यूपीआयचं उदाहरण घ्या. तुमचं खातं एका बँकेत, वडापाववाल्याचं दुसऱ्या बँकेत, ॲप तिसऱ्याच कंपनीचं. तरी पैसे जातात. कारण निरोप कसा पाठवायचा याचे नियम सगळ्यांनी मान्य केलेत. पैसे आपापल्या बँकेतच राहतात, भाषा मात्र एक आहे. लायब्ऱ्यांमध्येही असंच करावं लागतं. इंग्रजीत याला इंटरऑपरेबिलिटी म्हणतात. सोप्या मराठीत, एकमेकांशी जुळवून काम करता येणं.

याचे मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: त्या क्षणी सगळ्यांना विचारायचं. तुम्ही शब्द टाकला की सर्च एकाच वेळी दहा लायब्ऱ्यांना विचारतो आणि उत्तरं गोळा करून दाखवतो. झेड ३९.५० नावाचा जुना नियम यासाठीच होता. यात माहिती ताजी मिळते, पण एखादा सर्व्हर मंद असला की सगळं रखडतं. लोकलसारखं आहे, पुढची गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबल्या.

दुसरा मार्ग: नोंदी आधीच गोळा करून ठेवायच्या. याला हार्वेस्टिंग म्हणतात. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इथे झालेल्या बैठकीतून 'ओपन आर्काइव्ह्ज इनिशिएटिव्ह' सुरू झालं. त्यांनी तयार केलेल्या नियमाचं नाव ओएआय-पीएमएच. त्याची दुसरी आवृत्ती २००२ साली आली आणि ती आजही वापरात आहे.

नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. गोळा करणारा सर्व्हर फक्त सहा प्रश्न विचारू शकतो. तू कोण? नोंदी कुठल्या पद्धतीत देतोस? तुझ्याकडे कुठले विभाग आहेत? फक्त ओळख क्रमांकांची यादी देतोस का? पूर्ण नोंदी देतोस का? आणि, ही एक विशिष्ट नोंद देतोस का? उत्तर देणाऱ्याने निदान डब्लिन कोअरमध्ये तरी नोंद दिलीच पाहिजे, असा नियम आहे. 'अमुक तारखेनंतर बदललेल्याच नोंदी दे' असंही सांगता येतं, त्यामुळे दर वेळी सगळं नव्याने ओढावं लागत नाही. यादी मोठी असेल तर ती तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यासोबत पुढच्या तुकड्याचं टोकन मिळतं.

महत्त्वाचं म्हणजे, इथे फक्त नोंद प्रवास करते. पुस्तक मूळ लायब्ररीतच राहतं आणि नोंदीतल्या लिंकवरून वाचक तिथे पोचतो. त्यामुळे 'आमचा संग्रह दुसऱ्याच्या हातात जाईल' ही भीती बाळगायचं कारण नाही.

भारतातलं मोठं उदाहरण म्हणजे नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयासाठी आयआयटी खरगपूर ती चालवते. १९ जून २०१८ ला ती देशाला अर्पण झाली. देशभरातल्या संस्थांच्या नोंदी गोळा करून एकाच खिडकीतून शोधायची सोय ती देते. पीएचडीच्या प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा आहे. मराठी साहित्यावरचे प्रबंधही तिथे मिळतात.

तिसरा मार्ग: ओळख क्रमांकांनी जोडायचं. लेखकाचं नाव लिहिण्याऐवजी, किंवा नावाच्या जोडीला, सगळ्या जगात एकच असलेला क्रमांक द्यायचा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर लेखक, पुस्तक, गाव अशा प्रत्येक गोष्टीला क्यू या अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. एका लायब्ररीत 'लोकमान्य टिळक' आणि दुसरीत 'टिळक, बा. गं.' असं लिहिलेलं असलं तरी दोघांनी तोच क्रमांक दिला असेल, तर कॉम्प्युटरला माणूस एकच असल्याचं कळतं. नव्या पुस्तकांना आयएसबीएन असतो, पण ती पद्धत १९७० च्या सुमाराची. त्याआधीच्या पुस्तकांवर तो नसणारच. म्हणजे आपल्याला ज्या जुन्या मराठी पुस्तकांची चिंता आहे, नेमकी तीच त्यातून सुटतात.

मराठीत अडकतं कुठे?

हे नियम आधी इंग्रजीला डोळ्यासमोर ठेवून घडले. मराठी नोंदी जुळवताना काही खास गाठी पडतात. मी एका वाचनालयाची यादी चाळत होतो, तेव्हा त्यातल्या जवळजवळ सगळ्या एकाच शीटमध्ये भेटल्या.

दिसायला एक, आत वेगळं. 'दुसऱ्या' या शब्दातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण कॉम्प्युटर आतले क्रमांक जुळवतो, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ'चंही तसंच. ०९७२ क्रमांकाचं एक अक्षर, किंवा अ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र. युनिकोडचे स्वतःचे सारखेपणाचे नियम आहेत, पण ते या जोड्या आपोआप एक करत नाहीत. लायब्ररीच्या सॉफ्टवेअरला हे वेगळं शिकवावं लागतं.

जुनं आणि नवं शुद्धलेखन. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'कवि', 'हरि' असं छापलेलं असतं. आपण आज 'काही', 'नाही', 'कवी', 'हरी' असं शोधतो. शिवाय 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' हेही आहेच. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावर आहे तसंच लिहावं हे बरोबर, कारण ते पुरावा असतं. पण त्याच्या जोडीला आजच्या लेखनातलं रूपही द्यावं.

शके की इसवी सन? जुन्या पुस्तकांवर बरेचदा शके छापलेलं असतं. शके १८३७ म्हणजे साधारण इसवी सन १९१५. शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते मार्चमधलं शालिवाहन वर्षाचं टोक असेल तर ७९. कोणी दिनांकाच्या रकान्यात १८३७ असंच भरलं, तर गीतारहस्य टिळकांच्या जन्माआधी छापलं गेलं असं दिसेल. टिळकांचा जन्म १८५६ चा!

रोमन लिपीतली नावं. नोंदी इंग्रजी अक्षरांत केल्या की प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो. ळ साठी एल, ष आणि श एकच, शेवटचा अ कधी असतो, कधी नसतो. उलट जाऊन मूळ मराठी शब्द काय होता हे ओळखणं कठीण होतं.

जुने फाँट. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीमध्ये वापरलेल्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की विचित्र चिन्हं येतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण सर्चच्या दृष्टीने तिथे मराठी नाहीच.

ओसीआर. स्कॅनच्या चित्रातून अक्षरं ओळखण्याला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्टसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. पण खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं, पिवळी पानं, पलीकडच्या बाजूची उमटलेली शाई यामुळे चुका होतात. माणसाने तपासल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

नोंदीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं?

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हे नाव तुम्ही पुस्तक शोधताना पाहिलं असेल. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मिलियन बुक प्रोजेक्टशी जोडलेलं हे भारतातलं काम. बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स त्यात प्रमुख होती. लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठीही भरपूर. पुढे, २०१७ च्या सुमाराला, कॉपीराइटचे प्रश्न उभे राहिले आणि मूळ वेबसाइट बंद पडली.

तरी ती पुस्तकं पूर्ण नाहीशी झाली नाहीत. पब्लिक रिसोर्स या संस्थेने त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आणून ठेवल्या होत्या. आजही तिथे अनेक मराठी पुस्तकांच्या पत्त्यात 'डीएलआय' ही अक्षरं दिसतात. तो त्यांचा जुना ओळख क्रमांक. वेबसाइट गेली, क्रमांक राहिला, म्हणून पुस्तक कुठून आलं ते आजही कळतं.

दुसरी बाजूही आहे. मूळ नोंदी घाईत, रोमन लिपीत आणि चुकीच्या स्पेलिंगांनी झालेल्या होत्या. प्रती आल्या तशा या चुकाही सोबत आल्या. त्यामुळे कित्येक मराठी पुस्तकं तिथे असूनही मराठीत शोधल्यावर दिसत नाहीत. स्कॅनिंगवर झालेला खर्च आणि मेहनत तेवढ्यापुरती अडकून पडते. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. प्रत एकाहून जास्त ठिकाणी ठेवा, आणि नोंद पहिल्या दिवशीच नीट करा. नंतर लाखो नोंदी दुरुस्त करायला कोणी बसत नाही.

कॉपीराइटचं काय?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचं निधन जून १९५० मध्ये झालं. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. अनुवाद, नवी प्रस्तावना, मुखपृष्ठाचं चित्र यांचे हक्क वेगळे असू शकतात, हे विसरायचं नाही.

पण पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि ते कुठे आहे, ही माहिती जाहीर करायला कॉपीराइट आड येत नाही. म्हणजे एकही पान स्कॅन न करता चार वाचनालयं आपल्या याद्या जोडू शकतात. बदलापूरच्या त्या मुलीला पीडीएफ मिळाली नाही तरी 'हे मासिक कल्याणला आहे' एवढं कळेल. तिचं निम्मं काम तिथेच होतं.

लहान वाचनालयाने सुरुवात कुठून करावी?

तुमच्या गल्लीतल्या किंवा कॉलेजच्या वाचनालयाला मदत करायची असेल, तर हा क्रम ठेवा.

१. दाखल क्रमांकासह सगळ्या पुस्तकांची यादी शीटमध्ये, युनिकोड मराठीत भरा. एका रकान्यात एकच गोष्ट.

२. लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा, उदाहरणार्थ आडनाव आधी. विकिडेटाचा क्रमांक मिळाला तर तोही द्या.

३. शीर्षक छापलंय तसं, आणि शेजारच्या रकान्यात आजच्या लेखनात. शके असेल तर दोन्ही सालं.

४. आधी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करा. जे दुसरीकडे सहज मिळतं त्याला मागे ठेवा. स्कॅन करण्याआधी ते इंटरनेटवर आहे का ते बघा.

५. मूळ स्कॅन चांगल्या दर्जाचं, न दाबलेलं ठेवा. वाचकांसाठी हलकी पीडीएफ वेगळी बनवा. फाइलच्या नावात दाखल क्रमांक असू द्या.

६. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. नदीकाठच्या गावात हे टाळून चालणार नाही.

७. सॉफ्टवेअर मोफत आहे. देवघेवीसाठी कोहा, डिजिटल संग्रहासाठी डीस्पेस. दोन्हीत ओएआय-पीएमएचची सोय आहे, म्हणजे पुढे मोठ्या लायब्ररीला जोडता येतं. ग्रंथालयांसाठी एनआयसीचं ई-ग्रंथालयही आहे.

सॉफ्टवेअर निवडताना एकच प्रश्न विचारा: 'आमच्या सगळ्या नोंदी यातून बाहेर काढता येतील का?' उत्तर नाही असेल तर ते घेऊ नका, कितीही चकचकीत असलं तरी.

फोनवर पुस्तक शोधताना

- आधी मराठीत शोधा, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी.
- पूर्ण नाव टाकू नका. शीर्षकातला एखादा वेगळा शब्द आणि लेखकाचं आडनाव पुरे.
- ऱ किंवा ॲ असलेला शब्द सापडला नाही, तर तो टाळून दुसऱ्या शब्दाने शोधा.
- जुनं पुस्तक असेल तर अनुस्वारवालं जुनं रूपही टाकून बघा.
- पीडीएफ मिळाल्यावर शीर्षकपान बघा. आवृत्ती आणि साल तिथेच कळतं. नोंदीतलं साल चुकीचं असू शकतं.
- माहितीसाठी मराठी विश्वकोशाची वेबसाइट, पुस्तकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची वेबसाइट बघा. मंडळाची अनेक पुस्तकं तिथे मोफत आणि कायदेशीरपणे मिळतात.

तुम्हालाही हातभार लावता येतो

मराठी विकिस्रोतावर कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. पान वाचायचं, ओसीआरच्या चुका सुधारायच्या, सेव्ह करायचं. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकाने तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्यानेही तपासलं की हिरवं. बदलापूर ते सीएसएमटी प्रवासात बसायला जागा मिळाली तर एखादं पान सहज होतं. त्या पानावरचा प्रत्येक शब्द त्यानंतर सर्चमध्ये सापडू लागतो.

आणि तुमच्याकडे, आजोबांच्या ट्रंकेत, जुनं मराठी पुस्तक किंवा मासिक असेल, तर रद्दीत देण्याआधी शीर्षकपानाचा एक फोटो काढा आणि जवळच्या वाचनालयाला दाखवा. त्यांच्या यादीत ते नसेल, तर तिथे एक नवी नोंद वाढेल.